पूर्वेचा शुक्र

“मास्तर, जसंच्या तसं लिहा. एक शब्द गाळू नका,” वासुदेव थळे म्हणाले आणि मी पेनाचं टोपण काढलं.

शाळेच्या ओसरीवर अख्खं खारदेवळी गाव दाटीवाटीनं बसलं होतं. पुरुष सतरंजीवर, बायका मागे भिंतीला टेकून. मधोमध, उघड्या फरशीवर, जोमाकाका घरत बसले होते. त्यांना तिथे कोणी बसवलं नव्हतं. ते येऊन बसले आणि आजूबाजूचे लोक सरकत सरकत लांब गेले, एवढंच.

अठ्ठ्याण्णव सालच्या सप्टेंबरातली ही गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो. कराडकडून या खाडीकाठच्या गावात भूगोल शिकवायला येऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि वासुदेवभाऊंच्याच घरात एक खोली घेऊन मी राहत होतो. भाऊ बांध समितीचे अध्यक्ष. गावाची सगळी भातशेती बांध घालून खाडीकडून हिसकावून घेतलेली. त्या बांधाला एक लाकडी दार असतं, त्याला तिकडे उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की दाराच्या फळ्या काढायच्या आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती चढायच्या आत फळ्या परत खाचेत बसवून फटींत चिखल भरायचा. तीस वर्षं हे काम जोमाकाका करत होते.

शनिवारी, सर्वपित्रीच्या आदल्या रात्री, उधाणाचं पाणी त्या दारातून आत आलं. भाताच्या दाण्यात नुकतं दूध भरलं होतं. सकाळी लोक शेतावर गेले तेव्हा चाळीस एकर भात खाऱ्या पाण्यात उभं होतं आणि दाराच्या सातपैकी दोन फळ्या जागेवर नव्हत्या.

फळ्या पाण्यानं नेल्या, की मुळात बसवल्याच नव्हत्या? गावानं उत्तर ठरवूनच टाकलं होतं. जोमाकाकांचा जावई पलीकडच्या काठावर कोळंबीच्या तळ्यांवर कामाला होता. त्या तळीवाल्यांना इकडची जमीन हवी होती आणि एकदा खारं पाणी शिरलेली जमीन दोन-तीन वर्षं भात देत नाही. मग शेतकरी ती देऊनच टाकेल, असा सरळ हिशेब लोकांनी मांडला होता. हे मला दोन दिवसांत चहाच्या टपरीवर, शाळेत आणि भाऊंच्या ओटीवर मिळून किमान दहा जणांनी सांगितलं होतं. दहावा माणूस सांगेपर्यंत मलाही ते माहीत असल्यासारखं वाटायला लागलं होतं.

“सांग जोमा,” भाऊ म्हणाले. “शनिवारी काय काय केलंस?”

जोमाकाकांनी घसा साफ केला. “दुपारची ओहोटी लागली तवा फल्या काडल्या. पानी गेला. मंग दिस बुडाल्यावर परत बसवल्या. सात. मोजून बसवल्या, चिखल भरला. काम जाला न् मी वर बगतला. शुक्राची चांदनी डोंगरावर हातभर वर आली व्हती, तवा—”

माझं पेन थांबलं.

“कुठल्या डोंगरावर?” मी विचारलं.

त्यांनी हात केला. तो एकच डोंगर होता गावाला, पूर्वेचा.

“संध्याकाळी? शुक्र? पूर्वेला?”

“व्हय.”

आता विचार करतो तेव्हा वाटतं, तिथेच गप्प बसून पुढचं लिहिलं असतं तर! पण मी मुलांना ग्रह ओळखायला शिकवणारा मास्तर. लुकलुकतो तो तारा, स्थिर उजेडाचा तो ग्रह. मंगळ तांबूस, शनी पिवळट. शुक्र सूर्याला सोडून फार लांब जात नाही. गावात कोणालाच नसलेलं ज्ञान माझ्याकडे होतं आणि ते दाखवायची संधी समोर चालून आली होती.

“जोमाकाका, संध्याकाळी शुक्र पूर्वेला दिसूच शकत नाही,” मी म्हणालो. “संध्याकाळी दिसला तर तो पश्चिमेलाच दिसणार. आणि सध्या तर तो संध्याकाळी नाहीच. पहाटे उगवतोय, तोही सूर्याच्या थोडाच आधी.”

मी खडू घेतला. फरशीवर सूर्य काढला, शुक्राची लहान कक्षा काढली, पृथ्वीची मोठी काढली. दहावीच्या वर्गात काढतो तशीच आकृती. लोक वाकून वाकून बघत होते. जोमाकाका त्या वर्तुळांकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

“म्हणजे हा त्या वेळी बांधावर नव्हताच म्हणायचा,” मधुकर म्हणाला. मधुकर म्हणजे भाऊंचा धाकटा भाऊ.

“मी तसं म्हटलं नाही,” मी म्हणालो. “हे जे सांगतायत ते त्यांनी पाहिलेलं असू शकत नाही, इतकंच म्हणतो.”

“तेच की!” कोणीतरी ओरडलं.

“जोमा, तुझी काही चूक होतेय का बघ,” भाऊ म्हणाले. “दुसरीकडे बघितलं असशील.”

“माजी चूक नाय,” जोमाकाका म्हणाले. “मी बगतला ता बगतला.”

“आणि पुढे काय झालं?”

ते उठले. खांद्यावरचं फडकं झटकलं. “पुडचा कशाला आयकता? मी तं खोटा जालो.”

आणि ते निघून गेले. गावकीनं त्याच बैठकीत उघाडीचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं आणि घर वाळीत टाकलं. कोणी बोलायचं नाही, कोणी पाणी भरू द्यायचं नाही, दुकानदारानं सामान द्यायचं नाही. मी लिहायला घेतलं तसं भाऊंनी माझ्या वहीवर हात ठेवला.

“हे नाही लिहायचं मास्तर. हे कायद्यात बसत नाही.”

मी नाही लिहिलं.

पंधरा-सोळा दिवस असेच गेले. जोमाकाकांची बायको मथुराबाई पाण्याला अर्ध्या तासावरच्या ओढ्यावर जाताना दिसायची. एकदा माझ्या समोरून आली. मी बाजूला झालो. तिनं हंडा खाली ठेवला आणि सरळ तोंडावर विचारलं, “थल्यांच्या घरान ऱ्हातोस नं तू? भाडा किती घेतात?”

“का?”

“नाय, इचारला. कदी कदी भाडा पैशान नसतो.”

मला राग आला. ज्याच्यामुळे चाळीस एकर बुडालं, त्याच्या घरच्यांनी माझ्यावर संशय घ्यावा? पण त्या रात्री जेवताना भाऊंनी माझ्या ताटात आग्रहानं दुसरी भाकरी वाढली आणि ती मला नीट गिळता आली नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तलाठ्यांचा निरोप आला. नुकसानभरपाईच्या अर्जाला बैठकीच्या वृत्तान्ताची स्वच्छ प्रत हवी होती. मी वही काढून उतरवायला बसलो. जोमाकाकांच्या जबाबापाशी आलो. ‘शुक्राची चांदणी डोंगरावर हातभर वर आली होती, तेव्हा’ — आणि पुढे माझा प्रश्न.

वाक्य पुरं करायला हवं होतं. ‘तेव्हा’ खोडावं तर भाऊंनी बजावलेलं, एक शब्द गाळायचा नाही. ठेवावं तर पुढे काय लिहायचं? मी तीन वेळा ते वाक्य वाचलं. माणूस वेळ सांगत नव्हता. वेळेच्या आधारानं दुसरंच काहीतरी सांगायला निघाला होता आणि मी त्याला मध्येच तोडलं होतं. अख्खं गाव बसलं होतं, पण ‘तेव्हा काय?’ हे एकालाही नीट विचारावंसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बांधाकडे निघालो. काम काढून घेतलं तरी जोमाकाका रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसतात, हे पोरांकडून कळलं होतं. लोक म्हणत, चोराचे पाय बरोबर तिथेच वळतात.

दार नव्या फळ्यांनी बंद होतं. जोमाकाका बांधावर उकिडवे बसले होते. मला बघून उठले नाहीत.

“कुनी बगतला तं तुना पन वालीत टाकतील,” ते म्हणाले.

“जोमाकाका, त्या दिवशी तुम्ही ‘तेव्हा’ म्हणालात. तेव्हा काय?”

सूर्य खाडीपलीकडे गेला. ओहोटीच्या चिखलावर बगळे होते, ते उडाले. मी पण बसलो. अंधारू लागलं तसं त्यांनी मान वळवून डोंगराकडे केली.

“ती बग तुजी नसलेली चांदनी.”

मी वळलो. पूर्वेला, डोंगराच्या चांगलं वर, एक ठळक पांढरा दिवा लागला होता. बाकी आकाशात अजून एकही तारा उमटला नव्हता. तो लुकलुकत नव्हता. स्थिर, भरदार उजेड.

तो गुरू होता. सूर्याच्या बरोबर समोर आलेला, सूर्य मावळताना उगवणारा आणि रात्रभर दिसणारा. पावसाळ्याचे तीन महिने मी आकाशाकडे पाहिलंच नव्हतं. माझ्या खोलीची खिडकी पश्चिमेला. जे काही बोललो ते पुस्तकातलं बोललो होतो. त्या बैठकीच्या संध्याकाळी ओसरीवरून नुसती मान बाहेर काढली असती तरी दिसला असता.

“हा शुक्र?” मी विचारलं.

“मंग काय?”

“काका, हा गुरू आहे.”

“आसंल. माजा बापूस याला शुक्राची चांदनी म्हनायचा. मोटी चांदनी ती शुक्राची.”

“आणि पहाटे दिसते ती?”

“ती पन शुक्राची.” ते माझ्याकडे बघून म्हणाले, “ईस दिसांआगोदर हातभर व्हती, आता येवडी वर आली. रोजच्याला थोडी थोडी वर. तुज्या बुकान नाव बदलला तं ती डोंगरावरून खाली जाते काय?”

मी म्हणालो, “चूक माझी झाली. मी गावासमोर सांगेन.”

“काय सांगशील? चांदनीचा नाव?” ते हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “चांदनी तं रोजच दिसते. ती बगतली म्हनून मी फल्या लावल्या, आसा कुठं हाय? वासुदेव ह्यॅच बोलंल. आन् बरोबर बोलंल.”

खरंच होतं ते. माझं ज्ञान बरोबर असो की चूक, त्याचा त्या फळ्यांशी काडीचा संबंध नव्हता. त्यानं एकच काम केलं होतं. एका माणसाचं तोंड बंद केलं होतं.

“मग ‘तेव्हा’ काय झालं ते सांगा.”

ते बांधावरची माती बोटांनी उकरत राहिले. “तवा मधुकर आला,” ते म्हणाले. “खांद्यावर जालं. मी त्याला सांगतला, आज उधान हाय, फलीला हात लावू नको. तो बोलला, नाय लावत काका, बांदाच्या कडंला टाकतो. मी घरी आलो.”

“हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“कुनाला सांगू? तू मना खोटा केलास. खोट्या मानसानं दुसऱ्याचा नाव घेतला, तं काय म्हनतात?”

परत येताना माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळू लागला. वीस दिवस विचार करायला मिळाले होते. ज्याच्या भावानं वाळीत टाकलं त्याचंच नाव सुचलं, हे जरा जास्तच सोयीचं नाही का? मथुराबाईनं मला रस्त्यात गाठलं तेही ठरवून असेल का? माणसाला एकदा संशय घ्यायची सवय लागली की ती चूक कळल्यावरही जात नाही.

घरी पोचलो तर भाऊ ओटीवर.

“बांधाकडे गेला होतात म्हणे.”

बांधावरून निघून मला वीस मिनिटंही झाली नसतील.

“फिरायला,” मी म्हणालो.

“फिरायला खाडीचा वारा चांगला नाही मास्तर. बाहेरच्या माणसाला बाधतो.”

त्या रात्री मी जेवलो नाही. सकाळी भाऊ आणि मधुकर शेतावर गेल्यावर भाऊंची बायको शेवंतीवहिनी चहा घेऊन खोलीच्या दाराशी आल्या. एरवी कप ठेवून जायच्या. आज उभ्या राहिल्या.

“काल उपाशी झोपलात.”

“भूक नव्हती, वहिनी.”

“जोमाकाका काय बोलले?”

मी सावध झालो. “काही नाही. तुम्हाला का विचारायचंय?”

त्यांनी पदर तोंडाला लावला, मग खाली सोडला. “मास्तर, सर्वपित्रीला तुम्ही आमच्याकडे जेवलात. जिताड्याचं कालवण तीनदा मागून घेतलंत. ते जिताडं कुठलं, हे विचारलंत का कधी?”

“नाही,” मी म्हणालो.

“आमच्यात पितरांना त्यांच्या आवडीचं वाढतात. सासऱ्यांच्या पानाला दर वर्षी जिताडंच लागतं, दुसरा मासा नाही. बाजारात मिळालं नाही. मधुकरभावजी म्हणाले, मी आणतो. दोन फळ्या उचलून, त्या मोकळ्या जागेत जाळं लावलं. पाणी एवढ्या जोरानं येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. फळ्या परत बसेनात, वाहून गेल्या. भिजून, थरथरत घरी आले. दोन मासे होते हातात.”

“भाऊंना माहीत होतं?”

“दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर सांगितलं. तोवर गावभर जोमाकाकांचं नाव झालं होतं. बैठकीत हे गप्प बसणार नव्हते. मला म्हणाले होते, सगळं ऐकून घेतो आणि मग मधुकरचं सांगतो. मग तुम्ही ती वर्तुळं काढलीत. घरी आले ते हलके होऊन आले. म्हणाले, मास्तरांनीच सिद्ध केलं, आता मी कशाला बोलू?”

मी कप न पिता खाली ठेवला आणि चपला घातल्या.

मी भाऊंना शेतावर गाठलं आणि बैठक बोलवा म्हणालो. का, ते त्यांनी विचारलं नाही. वहिनींचं नाव मी घेतलं नाही. त्यांनीही काढलं नाही. रविवारी दुपारी गाव पुन्हा ओसरीवर बसलं. वाळीत असलेल्याला बोलवायचं कसं, यावर थोडी कुरकुर झाली. मी स्वतः जाऊन जोमाकाकांना आणि मथुराबाईंना घेऊन आलो.

मी उभा राहिलो. म्हणालो, “मी या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं. ते चुकीचं होतं. त्यांनी जे पाहिलं ते आजही संध्याकाळी डोंगरावर दिसेल. तुम्ही त्याला शुक्र म्हणता, मी गुरू म्हणतो. त्यापलीकडे त्यात काही नाही. पण मी त्यांचं वाक्य तोडलं. ते आज त्यांनी पुरं करावं.”

मधुकर खांबाला टेकून बसला होता. भाऊ वहीकडे बघत होते. मला वाटलं, आता.

जोमाकाका उठले. त्यांनी मधुकरकडे पाहिलं. त्याच्या मांडीवर त्याची तीन वर्षांची मुलगी झोपली होती. बराच वेळ पाहिलं.

“तवा,” ते म्हणाले, “तवा मना वाटला, दोन फल्या कुजल्यात. बदलाय पायजे. उद्या सांगू म्हनून घरी आलो. ती माजी चूक.”

कोणाला काही कळलं नाही. मी पुढे झालो. “काका, तुम्ही मला सांगितलंत—”

“तुना सांगतला ता तुज्याकडं ऱ्हाऊ दे,” ते हळू म्हणाले, फक्त मला ऐकू येईल एवढं. “ईस दिस मी न् माजी बायको एकमेकांबरोबरच बोलतो. ह्यॅ काय असता ता मना म्हाईत हाय. त्या पोरीला कशाला?”

भाऊंनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते, की लाज होती, मला अजून ठरवता आलेलं नाही. “फळ्या कुजल्या होत्या,” ते गावाला म्हणाले. “दोन वर्षं बदलल्या नव्हत्या. ते काम समितीचं. दोष समितीचा, म्हणजे माझा. जोमाचा नाही. लिहा मास्तर.”

मी लिहीना. एका ग्रहाच्या नावावरून ज्याला खोटारडा ठरवलं, तोच माणूस आता माझ्याकडून खोटं लिहून घेत होता.

“लिव,” जोमाकाका म्हणाले. “आता तं कोन मदी बोलत नाय.”

मी लिहिलं. दोन फळ्या कुजल्यामुळे उधाणात तुटल्या. जोमा घरत यांचा दोष नाही.

बैठक उठली. वाळीत काढलं असं कोणी मोठ्यानं म्हटलं नाही, त्यामुळे कोणीच पुढे होईना. लोक चपला शोधत रेंगाळत होते. जोमाकाका आणि मथुराबाई पायऱ्या उतरून अंगणात आले, तसं अंगण त्यांच्याभोवती पुन्हा मोकळं होऊ लागलं. इतक्या दिवसांची सवय.

तेवढ्यात बायकांमधून शेवंतीवहिनी निघाल्या. थेट मथुराबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“काकी, चला आमच्याकडे. चहा घेऊ.”

मथुराबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुमच्याकडं कशाला?” त्या म्हणाल्या. “तूच चल आमच्याकडं. ईस दिस आमच्या दारान कोन आला नाय.”

सगळं गाव बघत होतं. वहिनींनी एकदाही मागे वळून भाऊंकडे पाहिलं नाही. त्यांनी पदर खोचला आणि मथुराबाईंच्या बरोबरीनं घरतांच्या आळीकडे चालू लागल्या. पाठोपाठ जोमाकाका. थोड्या अंतरानं, मुलीला खांद्यावर घेऊन, खाली मान घालून मधुकर.

मला कोणी बोलावलं नव्हतं. वही पायरीवर ठेवली आणि मीही त्यांच्या मागून निघालो.